चिलखताची निवड

चिलखत जितकें जाड तितका वीर निर्धास्त, अशी आपली समजूत ऐतिहासिक नाटकांनीं करून ठेविली आहे. विषारी द्रव्य सांडलें असतां तिकडे धांवणाऱ्या कामगारांसाठीं पोषाख खरेदी करणारे गृहस्थही बहुधा त्याच समजुतीनें दुकानाची पायरी चढतात. परंतु सर्व रसायनांस पुरून उरेल असें वस्त्र अद्यापि कोणीं विणलेलें नाहीं.

अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांची हकीकत आम्हांस विसरवत नाहीं. १९९६ च्या ऑगस्टांत त्यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे कांहीं थेंब पडले. मोजा फाटलेला नव्हता. त्या काळीं रूढ असलेली सर्व दक्षता बाईंनीं घेतली होती. पुढें तपासणी झाली तेव्हां कळलें, कीं तसल्या लॅटेक्सच्या मोज्यांतून तें द्रव्य १५ सेकंदांच्या आंत पार होतें. लक्षणें दिसूं लागण्यास महिने लागले. १९९७ च्या जूनमध्यें, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

भोंक न पडतां विष आरपार जावें, हें डोळ्यांस पटत नाहीं. पण रेणु कापडांतून झिरपतात, आणि कोणत्या द्रव्यापुढें कोणतें कापड किती मिनिटें टिकतें याचीं कोष्टकें पाहिल्यावांचून निवड होत नाहीं. श्वासाचेंही तेंच. गाळणीचा मुखवटा हवा गाळतो, प्राणवायु निर्माण करीत नाहीं. प्राणवायु शेंकडा १९.५ हून कमी असेल, किंवा विष कोणतें हेंच ठाऊक नसेल, तर पाठीवर हवेची टांकी घ्यावीच लागते. (दाढीवाल्यांस येथें अभय नाहीं, केसांमुळें मुखवट्याची कड गालास चिकटत नाहीं.)

“मग सर्वांनाच टांकी आणि आपादमस्तक बंद पोषाख देऊं!” असें आमच्या परिचयाचे एक कारखानदार मोठ्या औदार्यानें म्हणाले. त्या पोषाखांत घाम सुकत नाहीं, ऐकूं कमी येतें, पायाखालचें दिसत नाहीं. टांकीवर ३० मिनिटें लिहिलेलीं असलीं तरी धापा टाकणाऱ्या माणसाची ती त्याआधींच संपते. आणि तेवढ्यांतच परत येऊन अंगावरचें विष धुवूनही घ्यावयाचें असतें. शिवाय रसायन अडविणारा पोषाख आग अडवीलच असें नाहीं.

कारखानदारांनीं तरीही नमुन्यादाखल दोन पोषाख मागविले. ज्यांस ते घालून आंत शिरावयाचें आहे त्यांनाच बोलावून जिना चढावयास सांगा, एवढेंच आम्हीं सुचविलें. दुसऱ्या दिवशीं दोन्ही पोषाख परत गेले: ओल्या पायऱ्यांवर बूट घसरत होते.