पाचशे ब्लॉकांची हद्द

माइनक्राफ्ट या खेळाचं जग सुमारे ६ कोटी ब्लॉक रुंद आहे. एक डोंगर पोखरून झाला की पुढचा तयारच असतो, मागे वळून बघायचं कारण उरत नाही. म्हणून नवं जग उघडलं की मी आधी हद्द घालतो: वर्ल्डबॉर्डर, ५०० ब्लॉक. तोडायचं, खणायचं ते आतच, आणि नंतर राहायचंही तिथेच.

खेळातल्या भट्टीत कितीही कोळसा जाळा, शेजारचं पाणी निळंच राहतं. बोईसरला राहणाऱ्याच्या हे पचनी पडत नाही. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं आणि मच्छीमार वर्षानुवर्षं त्याविरुद्ध तक्रारी करत आलेत. खेळ हा हिशेब मागत नाही, तेव्हा तो मी ठेवतो. भट्टीच्या उताराचं पाणी बाद: तिथे ना शेत, ना गळ. मग भट्टी कुठे मांडायची याचा विचार घराच्याही आधी करावा लागतो.

घर कुडाचं. इथले वारली कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपतात. खेळात कारवी नाही, पण २०२२ साली चिखल आणि तिवरं आली. मातीवर बाटलीतलं पाणी ओतलं की चिखल होतो, त्यात गहू घातला की भिंतीजोगा घट्ट. जोतं उतारावरच चढवायचं, डोंगर सपाट करायचा नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न खेळातल्या गावकऱ्यांचा, ज्यांच्याकडून माल घ्यायचा त्यांचा. तरबेज खेळाडू त्यांना एकेका ब्लॉकच्या खुराड्यात कोंडतात. मुद्दाम झोंबी करवून पुन्हा बरं करतात, कारण बरा झालेला गावकरी भाव उतरवतो. डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच मुलखात बसून माझा हात त्या खुराड्याकडे जात नाही. गावकऱ्यांना बोटीत घालून हलवताही येतं. पण इथे तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. माझ्या जगात गाव जागचं हलत नाही. माल महाग पडतो, आणि संपला तर माणूस कामावर जाऊन तो पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. थांबतो.

शेजारची मुलं याच जगात खेळतात. हद्दीतलं लोखंड सरत आलंय आणि हद्द वाढवायची का, यावर आमचा वाद चाललाय. माझा विरोध आहे. जुनी अवजारं भट्टीत टाकली की थोडं लोखंड परत मिळतं. आधी त्यावर भागवू, असं मी त्यांना सांगतोय.