मुका मार

मराठीत ‘मुका मार’ असा एक अर्थगर्भ शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाही, रक्त आतच साकळते आणि वर निळेजांभळे दिसते. दोन-तीन आठवड्यांत ते हिरवट, मग पिवळट होत विरून जाते. आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या सरांच्या टकलावरचा डाग मात्र २०१८ च्या उन्हाळाभर विरला नाही. देवघराची चौकट ठेंगणी, तिथेच लागले असणार, असे सर सांगत. डाग दिसला की माणूस त्याला मार शोधून देतोच! शंका प्रथम घेतली ती मेहकरातल्या त्यांच्या नेहमीच्या केशकर्तनकाराने. “सर, लागलं म्हणता, पण मागच्या खेपेपेक्षा हे मोठं झालं ना!” महिन्याच्या महिन्याला तेच डोके पाहणारा दुसरा कोण असणार?

औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्वचेचा तुकडा काढला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. दुसरा, अधिक खोल तुकडा घेतला तेव्हा नाव मिळाले: अँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बेबंद वाढून वेड्यावाकड्या पोकळ्या करतात, त्यांत रक्त भरते. म्हणून हा कर्करोग हुबेहूब मुक्या मारासारखा दिसतो. पेशी अस्तराच्याच, हे सीडी-३१ आणि ईआरजी या प्रथिनांच्या रंजक-चाचण्यांनी पक्के होते. तो दुर्मीळ आहे, वृद्धांच्या डोक्या-चेहऱ्यावर अधिक आढळतो, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुष्कळ पलीकडे पसरलेला असतो. कोठवर कापावे हे शल्यविशारदालाही उमगत नाही.

याचा आणखी एक अवतार आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे सुजलेल्या हातावर असेच जांभळे डाग उठतात. न्यूयॉर्कच्या स्टुअर्ट आणि ट्रीव्हज यांनी १९४८ मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद केली. आपल्याकडे अशा हाताला ‘सूज आहे, राहायचीच’ म्हणून सोडून देतात, हे आम्हांला अधिक भयावह वाटते.

सर मुंबईला टाटा रुग्णालयात गेले, तोवर फुप्फुसांत गाठी होत्या. पुढे ते सव्वा वर्ष होते. भेटायला येणाऱ्याला ते आधी टोपी काढून डाग दाखवीत. मग, “वाका पाहू,” म्हणून चष्मा लावून त्याचेही डोके तपाशीत.