आईचे माणिक

आईमागे पेटीत राहिलेल्या पदकातला लाल खडा माणिक आहे, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. लेकीच्या शिक्षणासाठी तो विकायचे ठरले. नळदुर्गातल्या सोनारकाकांनी भिंग माझ्याच हाती दिले. "गुरुजी, तुम्हीच पाहा."

आत गोल बुडबुडे! वितळवलेल्या काचेची ती खूण. ब्रिटिश राजमुकुटातले 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक'सुद्धा माणिक नव्हे, स्पिनेल आहे. तिथे राजे फसले, माझी काय कथा!

पण काकांनी कोंदण दाखवले. ते उकलून पुन्हा बसवलेले होते. माझ्या परीक्षेच्या फीच्या वर्षी आई एकटीच सोलापूरला जाऊन आली होती, ते आठवले.

पदक परत आणले. लेकीचा खर्च पतपेढीच्या कर्जातून होईल. माझा त्या माणकातून केव्हाच झाला आहे.