सोडून दिलेला मासा

नवरा-बायकोच्या समेटाची मला आवडणारी एक गोष्ट कार्टूनमधली आहे आणि तिच्यात एक भला मोठा मासा आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन मालिकेचा 'द वॉर ऑफ द सिम्पसन्स' हा भाग तिकडे २ मे १९९१ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. जॉन स्वार्ट्झवेल्डर यांनी तो लिहिला आहे. मी तो तीन-चारदा पाहिला आणि दर वेळी हसलो. अलीकडे मात्र हसून झाल्यावर थोडा विचारात पडतो.

होमर सिम्पसनच्या घरी पार्टी असते. होमर भरपूर पितो, पाहुण्यांचा अपमान करतो, शेजाऱ्याच्या बायकोकडे नको तसं बघतो. त्याची बायको मार्ज शरमेने अर्धी होते. चर्चचे पाद्री लव्हजॉय जोडप्यांसाठी एका तळ्याकाठी शनिवार-रविवारचं समुपदेशन शिबिर घेणार असतात. मार्ज त्यात नाव नोंदवते. तळ्याचं नाव कॅटफिश लेक हे कळताच होमर गुपचूप मासेमारीचं सामान बरोबर घेतो.

त्या तळ्यात एक दंतकथा पोहते. 'जनरल शर्मन' नावाचा कॅटफिश, म्हणजे आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखा मिशाळ मासा. वजन म्हणे ५०० पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलो. आजवर कुणाच्या हाती न लागलेला. गळ-आमिषाच्या दुकानात त्याच्या कहाण्या रंगवून सांगितल्या जातात आणि होमर भान हरपून ऐकतो.

इकडे शिबिरात मार्ज नवऱ्याचे दोष सांगू लागते. वाढदिवस विसरतो, तोंड उघडं ठेवून चावतो, टॉवेलला नाक पुसून तो परत जागेवर ठेवतो. यादी संपता संपत नाही. शेवटी पाद्रीसाहेब जाहीर करतात की एकाच जोडीदाराची शंभर टक्के चूक आहे असं सांगायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ.

निकाल लागला. पण समेट झाला का? नाही.

सूरह निसाच्या ३५ व्या आयतीचा आशय असा आहे: नवरा-बायकोत फूट पडण्याची भीती वाटली तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमा, त्या दोघांना इस्लाह, म्हणजे सुधारणा, हवी असेल तर अल्लाह मेळ घडवून आणेल. इथे 'त्या दोघांना' म्हणजे पंचांना की नवरा-बायकोला, यावर मुफस्सिरांनी बरीच चर्चा केली आहे. मला दोन्ही अर्थ मोलाचे वाटतात. आयतीत दोष किती टक्के कुणाचा हे मोजायला सांगितलेलं नाही. तिथे नियत विचारली आहे.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीच्या घरी मलाही असंच पंच म्हणून बसावं लागलं. ती मला मामू म्हणते. जावई कामाला चोख, पण रोज मध्यरात्री घरी येणार. काम सुटलं की दोस्त, दोस्त गेले की मोबाईल. वडीलधाऱ्यांनी बोल लावले तेव्हा तो खरंच हलला. म्हणाला, "माझं चुकलं. या वर्षी हिला उमऱ्याला नेतो." सगळ्यांच्या तोंडून 'माशाअल्लाह' निघालं. मुलीच्या सासूबाईंनी तर डोळे पुसले.

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मामू, उमरा अल्लाहने नशिबात लिहिला असेल तेव्हा होईल. तुम्ही यांना सांगा, रात्री जेवायला घरी येत जा."

खोलीत कुणी काही बोललं नाही. तिची मागणी इतकी लहान होती की तिच्यावर 'माशाअल्लाह' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. उमऱ्याला पैसे लागतात, ते तो कुठूनही उभे करेल. रोज रात्री नऊ वाजता दोस्तांमधून उठायला मात्र रोज मन आवरावं लागतं.

होमरचंही हेच. मार्जने काय मागितलं होतं? दोन दिवस गळ टाकू नकोस, एवढंच. तो पहाटे चोरपावलांनी निघतो आणि पकडला जातो. ती दुखावते तेव्हा गळ न घेता नुसता फिरायला बाहेर पडतो. धक्क्यावर कुणीतरी विसरलेला गळ त्याला दिसतो. तो परत द्यावा म्हणून उचलतो, तेवढ्यात जनरल शर्मनच गळाला लागतो आणि त्याला होडीसकट ओढत तळ्यात नेतो. मार्ज हे खिडकीतून बघते.

होमर झुंजतो आणि जिंकतो. मासा घेऊन काठावर येतो तर मार्ज संतापलेली. आपल्या लग्नापेक्षा तुला मासा मोठा वाटला, असं ती म्हणते. तेव्हा होमर तो मासा जिवंत पाण्यात सोडून देतो. आयुष्यभराची कीर्ती हातची जाऊ देतो. मार्ज विरघळते, दोघं घरी निघतात.

होमरची नियत मला खोटी वाटत नाही. मासा सोडताना टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं, बघायला फक्त बायको होती. त्या क्षणी त्याला इस्लाह हवी होती, म्हणून मेळ झाला. पण टॉवेल उद्याही जागेवरच असेल, वाढदिवस पुढच्या वर्षीही येईल. मासा एकदाच सोडता येतो. बाकीचं रोज सोडावं लागतं, आणि त्यासाठी पंच बसत नाहीत.

भागाच्या शेवटी आपण पुन्हा त्याच दुकानात येतो. आता तिथे होमरची दंतकथा झाली आहे. जनरल शर्मनला जवळजवळ धरणारा तो माणूस सात फूट उंच होता, झाडाच्या खोडासारखे त्याचे हात होते, वगैरे. टकला, ढेरपोट्या होमर त्यात कुठेच नाही.

आणि मार्जही नाही. जी खिडकीत उभी होती, जिने फक्त दोन दिवस मागितले होते, तिची कहाणी त्या दुकानात कुणी सांगत नाही.