पांझरेकाठची इंटिग्रिटी

ऑक्टोबर संपत आला, सरदार पटेलांची जयंती जवळ आली की सरकारी कार्यालयांत दक्षता सप्ताह सुरू होतो. तालुक्याच्या कचेरीपासून दिल्लीपर्यंत कर्मचारी ओळीने उभे राहून शपथ घेतात. इंग्रजीत ती ‘इंटिग्रिटी’ची शपथ, मराठी कागदावर सचोटीची. अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालातही या गुणाचा रकाना असतो. तिथे वरिष्ठांनी ‘संशयातीत’ लिहिलं की जीव भांड्यात पडतो. 2013 पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतल्या एका पेपरच्या नावातच हा शब्द येऊन बसला आणि गावोगावच्या अभ्यासिकांत मुलं त्याच्या व्याख्या पाठ करू लागली.

मुळात या शब्दाचा नीतीशी फारसा संबंध नव्हता. लॅटिनमधल्या ‘इंटिजर’चा अर्थ हात न लागलेलं, न फुटलेलं, आख्खं. गणितातला पूर्णांक त्याचाच सख्खा भाऊ. पुलाचा सांगाडा धड आहे का, संगणकातली माहिती कुणी मध्येच बदलली तर नाही ना, हे तपासतानाही इंजिनिअर हाच शब्द वापरतात. अमेरिकेने 1972 च्या कायद्यात तो नद्यांना लावला : पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता राखायची. पुढे 1981 मध्ये जेम्स कार या शास्त्रज्ञाने ओढ्यातले मासे पाहून ती अखंडता अंकांत मांडायची रीत काढली. आपल्याकडे 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला. हिंदीत त्याची ‘अखंडता’ झाली, मराठीत ‘एकात्मता’.

नदी धड असणं आणि माणूस सचोटीचा असणं, या दोन गोष्टी आज दोन खात्यांच्या दोन फायलींत राहतात. साक्री तालुक्यात मात्र त्या एकाच पाटातून वाहत आल्या आहेत.

साक्री गाव कान नदीचं. कान पुढे पांझरेला मिळते आणि पांझरा तापीला. पांझरेच्या खोऱ्यात काही शतकं फड पद्धतीने शेती भिजली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालचं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा फड त्या वर्षी पडीक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ सगळ्यांना सारखी. एकट्याचं रान हिरवं आणि शेजाऱ्याचं करपलेलं, असं तिथे सहसा व्हायचं नाही. मालक अनेक, पण पाण्याच्या लेखी फड एकच.

यातला सगळ्यात मोलाचा माणूस पाटकरी. एरवी शेतकरी रात्री-बेरात्री खांद्यावर फावडं टाकून आपलं दारं आपण धरतो. फडात तसं नाही. दारं फोडायचं, वाफा भरला की मातीने बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याकडे वळायचं, हे काम पाटकऱ्याचं. वाफा कुणाचा आहे हे त्याने पाहायचंच नाही. पिकावर नजर ठेवायला जागल्या, तंट्याला पंच. मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपात सुगीला मिळायचा. नियम बहुतेक तोंडी. पाटकऱ्याने एकाच्या वाफ्यात दारं जरा जास्त वेळ उघडं ठेवलं असतं, तर खालच्या टोकाचा फड त्याच दिवशी फुटला असता. रकान्यात न लिहिलेली ही सचोटी कुठल्याही शपथेपेक्षा कडक होती, कारण तिची परीक्षा पिकाच्या हरेक पाळीला व्हायची.

मग वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी झालं. पुष्कळ फड मोडले. मोटारीने शेतकऱ्याला मोकळीक दिली, हे खरंच आहे. पण वाटून घेण्याची जी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जमली होती, ती सहज सुटून गेली याची हळहळ वाटते.

त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीलगत, बारीपाडा हा आदिवासी पाडा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर तोडून तोडून उघडाबोडका झाला होता आणि बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. चैत्राम पवार या एम.कॉम. झालेल्या तरुणाने आणि गावकऱ्यांनी वन समिती केली, राखणीच्या पाळ्या लावल्या. जंगलात बैलगाडी न्यायची नाही आणि नेली तर दंड, असं ठरलं. आज सुमारे 1,100 एकर जंगल उभं आहे. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

लॅटिन शब्द म्हणतो हात न लागलेलं ते आख्खं. बारीपाड्याचं रान या व्याख्येत बसत नाही. ते एकदा पुरतं मोडलं आणि माणसांचे हात लागूनच परत उभं राहिलं. गावाने कुंपण घालून त्याकडे पाठ फिरवलेली नाही, पोटापाण्याचं नातं टिकवलं आहे. तिथल्या वनभाजी महोत्सवात बायका रानभाज्या रांधून आणतात आणि कोणती भाजी कशी निवडायची, कशी शिजवायची, हे येणाऱ्यांना सांगतात. बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी करायची तर कोंब सोलून बारीक चिरायचे, पाण्यात मुरवायचे, उकळून पहिलं पाणी ओतून द्यायचं, तेव्हा कुठे कडवटपणा जातो. बेटातले सगळे कोंब खुडले तर पुढच्या वर्षी बांबू नाही, हेही त्याच शिकवणीत येतं. गाडीबंदीचा नियम गावाने परक्यांच्या आधी स्वतःला लावून घेतला. ज्या पाड्यावर प्यायला पाणी नव्हतं, त्याच्या विहिरींचं पाणी पुढे शेजारच्या गावांनाही पुरवता आलं.