बोटीतलं पाणी

कुवेतहून कायमचा परतलो तेव्हा एकच चैन केली. 16 फुटांची जुनी फायबरची बोट घेतली. मासेमारीसाठी नव्हे, दाभोळच्या खाडीत मुलाबाळांना फिरवायला.

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण निघालो. धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट जवळून गेली, मुलांनी हात हलवले, आणि धाकटी पुतणी म्हणाली, "चाचा, माझी चप्पल पोहतेय." पायाखाली घोटाभर पाणी होतं. मी हसत हसत डब्याने उपसायला लागलो. लाइफ जॅकेट चारच होती, हे लिहायला आजही लाज वाटते. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता मुलं या बोटीत बसणार नाहीत."

बोट खेचून तळ पाहिला. एक लांब ओरखडा दिसला, त्यावर रेझिन फासलं. मग एकट्याने तीन फेऱ्या मारल्या, एक थेंब आला नाही. दुरुस्त झाली म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं. पुढच्या रविवारी दोन्ही भावांना घेऊन गेलो तर पुन्हा पाणी!

अब्बांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते गलबतावर तांडेल होते, पण आता गुडघ्यांमुळे ओटा सोडत नाहीत. शिवाय त्यांची सारी उमर लाकडात गेली. पावसाळाभर किनाऱ्यावर सुकलेली लाकडी होडी पाण्यात घातली की आधी गळते, मग फळ्या फुगून सांधे आपोआप मिटतात. फायबर थोडंच फुगतं! त्यांना यातलं काय कळणार, असं मला वाटायचं.

शेवटी असरनंतर त्यांच्यापाशी जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, "पाणी खारट की गोडं?"

"खारट."

"एकटा असताना येत नाही?"

"नाही."

"मग तळ कशाला खरवडतोस? माणसं बसली की मागची बाजू किती बुडते ते बघ. भोक त्या पट्ट्यात."

खरंच होतं. रिकाम्या बोटीत इंजिनाचे खालचे दोन बोल्ट पाण्याच्या चार बोटं वर राहायचे. सातजण बसले की ते पाण्याखाली.

खात्री करायची रीतही त्यांचीच. बोट किनाऱ्यावर घेतली, खाली जुने टायर दिले, नाळ थोडी उचलली आणि आत नळाने हळूहळू पाणी सोडलं. फार नाही, कारण 200 लिटर म्हणजे 200 किलो, तेवढ्यानेही तळाला ताण बसतो. बाहेरून मागची बाजू कोरडी पुसून खडू घासला. अब्बा खुर्ची टाकून बसले होते. दहा मिनिटांत उजव्या बोल्टखाली खडूवर काळी रेघ उतरली.

इंजिन काढलं, बोल्ट काढले. भोकातून ओल्या लाकडाचा भुसा आला, कारण फायबरच्या आत प्लायवूड असतं. तेवढं कुजकं कोरून काढलं. मला त्याच दिवशी बुजवायची घाई होती, पण ओलाव्यावर काहीच धरत नाही. नऊ दिवस ऊन दाखवलं. मग भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली, सुकल्यावर त्यातूनच नवी पाडली आणि बोल्ट मरीन सीलंटमध्ये बसवले. पिळताना फक्त नट फिरवायचा, बोल्ट धरून ठेवायचा. नाहीतर सीलंटचा सांधा तिथेच तुटतो. हे मेकॅनिकने शिकवलं.

चाचणीला मुलं नव्हती. भाऊ, दोन मेहुणे आणि, हट्टाने, अब्बा. त्यांना उचलून मागच्या फळीवर बसवलं. जॅकेटं आता सात आहेत, त्यातलं एक अब्बांनी कुरकुरत घातलं. बायकोने तळाच्या झाकणाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून दिला होता.

तासाभराने परत आलो. तिने झाकण उचलून कागद बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली. कोरडा होता. तिने तो परत आत ठेवला.

"अजून दोघांना बसवा," ती म्हणाली, "आणि परत एक फेरी मारून या."

अब्बा उतरलेच नाहीत.