कांदा आणि माझी इंग्रजीची वही

आमच्या भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी बाईंनी 'मी इंग्रजी कशी शिकले' हा विषय दिला आहे. माझ्या वर्गातील मुलामुलींनी कवितांविषयी, पाठांतराविषयी, गोष्टीच्या पुस्तकांविषयी लिहिले आहे. मी मात्र कांद्याविषयी लिहिणार आहे. वाचून कोणी हसू नये. मला खरी इंग्रजी कांद्यानेच शिकवली.

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. लासलगावची मोठी कांदा बाजारपेठ आम्हाला जवळ. आमच्याकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न 'बरे आहात ना' असा नसतो, 'आज काय भाव निघाला' असा असतो. भाव चांगला निघाला की सगळे बरेच असतात.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांदा परदेशी पाठवायला बंदी घातली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. मार्च संपला की बंदी उठेल आणि भाव सुधारेल, या आशेवर सगळे गाव दिवस मोजत होते. आमचे आप्पाही मोजत होते. आमच्या शेतात रांगडा कांदा काढून ढीग लावलेला होता. रांगडा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको.

तेव्हा मी पाचवीत होते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये माझा वर्गात पहिला नंबर होता, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे.

होळीच्या आदल्या दिवशी बंदी वाढली, अशी कुणकुण गावात आली. पण किती दिवस वाढली, हे कोणी नीट सांगेना. कोणी महिना म्हणे, कोणी निवडणूक होईपर्यंत म्हणे. संध्याकाळी मुंबईच्या मामांनी आप्पांच्या मोबाइलवर एका इंग्रजी पेपरातील बातमीचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिले नव्हते. आप्पांनी मला हाक मारली.

"पोरी, इकडं ये. तुला इंग्रजी येतं ना? वाच बरं काय लिव्हलंय."

ओट्यावर शेजारचे दोन काकाही बसले होते. मी मोठ्या आवाजात वाचायला लागले. निम्मे शब्द कळत नव्हते, पण थांबायची लाज वाटली. शेवटी 'अनटिल फर्दर ऑर्डर्स' असे शब्द आले. 'अनटिल' म्हणजे पर्यंत, हे मला ठाऊक होते. 'फर्दर' म्हणजे पुढे. आणि 'ऑर्डर' तर काय, सोपाच शब्द! हॉटेलात वडापावची ऑर्डर देतात तीच.

मी ठणकावून सांगितले, "आप्पा, पुढच्या ऑर्डरी येईपर्यंतच बंदी आहे. बाहेरच्या देशातून ऑर्डरी आल्या की बंदी उठणार!"

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. ते म्हणाले, "मंग ऑर्डरी तर येणारच. दुबईवाल्यांना कांदा लागतोच की." धुळवडीनंतर माल न्यायला त्यांनी ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. तो त्यांनी फोन करून नको म्हणून कळवला. आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकल्याचा उपेग झाला गं बाई."

आठ दिवस गेले. एकही ऑर्डर आली नाही. आई रोज ढीग उलटून पाही आणि सडका कांदा बाजूला काढी. नवव्या दिवशी शाळेत मी बाईंना सहज विचारले, "बाई, परदेशातून ऑर्डर यायला किती दिवस लागतात?" बाईंनी सगळी हकिकत विचारली. मग त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे ऑर्डर म्हणजे मागणी नव्हे. ऑर्डर म्हणजे आदेश. सरकारचा पुढचा आदेश निघेपर्यंत बंदी राहील, असा त्याचा अर्थ. म्हणजे कधी उठेल त्याचा नेम नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरी जाताना पाय उचलेना. आप्पांना सांगताना मला रडू आले. मला वाटले, आप्पा आता मारतील. पण आप्पांनी एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बोलावून त्यांनी माल बाजार समितीत नेला. आधी मिळाला असता त्याहून कमी भाव मिळाला, आणि आठ दिवसांत सडला तो कांदा वेगळाच. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, "येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं. आम्ही दुसऱ्याला विचारलं आस्तं."

मार खाल्ला असता तर मी विसरले असते. हे वाक्य मी विसरले नाही.

बाईंना मी सांगितले, की मला पेपरातील इंग्रजी शिकायची आहे. बाई नाशिकहून येतात. त्या दर सोमवारी येताना एक इंग्रजी पेपर आणू लागल्या. कांद्याची बातमी असली की कात्रण कापून मला देत. मी शंभर पानी वही केली आणि तिच्यात तीन रकाने आखले. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात 'मला वाटलेला अर्थ' आणि तिसऱ्यात 'बातमीतला अर्थ'. दुसरा रकाना वाचून माझ्या मैत्रिणी पोट धरून हसतात. त्यातील थोडे शब्द इथे देते.

'सेंटर'. मला वाटले केंद्रशाळा. कांद्यावर बंदी आमच्या केंद्रप्रमुखांनी घातली की काय, असा मला प्रश्न पडला होता! बातमीत त्याचा अर्थ केंद्र सरकार.

'ड्यूटी'. मला वाटले मामांची रात्रपाळीची ड्यूटी. बातमीत त्याचा अर्थ सरकारी कर. 'एक्सपोर्ट ड्यूटी' म्हणजे निर्यात शुल्क.

'अरायव्हल्स'. मला वाटले एस.टी.चे येणे. बातमीत त्याचा अर्थ बाजारात आलेला माल, म्हणजे आपली आवक.

'बंपर क्रॉप'. मला वाटले गाडीचा बंपर. अर्थ आहे भरघोस पीक.

'स्क्रॅप'. मला वाटले भंगार. बातमीत सरकार एखादा नियम 'स्क्रॅप' करते, म्हणजे तो रद्द करते.

'लिफ्ट'. मला वाटले मामांच्या इमारतीतील लिफ्ट. बातमीत बंदी 'लिफ्ट' करतात, म्हणजे उठवतात.

बाईंनी मला मथळे वाचायची युक्तीही शिकवली. मथळ्यात जागा थोडी, म्हणून 'इज', 'द' असे बारके शब्द गाळतात. गोष्ट काल घडलेली असली तरी ती आज घडते आहे असे लिहितात. क्रियापदाच्या आधी 'टू' आला तर ती गोष्ट बहुधा अजून घडायची असते. बंदी 'लिफ्ट्स' म्हणजे उठवली, आणि 'टू लिफ्ट' म्हणजे उठवणार. एवढ्याशा 'टू'वर शेतकऱ्याने ट्रॅक्टर भरायचा की थांबवायचा ते ठरते. बाई म्हणतात, "शब्दाला एकट्याला धरू नका. त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहा."

मग मे महिन्याची सुटी लागली. बाईंनी शाळेतील इंग्रजी-मराठी शब्दकोश मला सुटीपुरता दिला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. मामांनी पुन्हा एक फोटो पाठवला. ती बातमी नव्हती, खुद्द सरकारी आदेशच होता. आप्पांनी मोबाइल माझ्यापुढे धरला, पण या वेळी 'वाच' असे म्हणाले नाहीत. म्हणाले, "येतंय का बघ."

मी म्हणाले, "आप्पा, मला अर्धा तास द्या."

मी शब्दकोश घेऊन माळदावर जाऊन बसले. एकेक शब्द शोधून वहीत लिहिला. कांदा 'प्रोहिबिटेड' होता, तो आता 'फ्री' झाला होता. फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळा. पण एका टनाला ५५० डॉलरपेक्षा कमी दराने बाहेर विकायचा नाही, अशी अट होती. एक टन म्हणजे दहा क्विंटल. तेव्हा डॉलर सुमारे ८३ रुपयांचा होता. मी गणित केले, तेव्हा किलोला ४५ रुपयांच्या वर आकडा आला. शिवाय ४० टक्के निर्यात शुल्क होतेच. एवढा महाग कांदा बाहेरचा माणूस किती घेणार, असे माझ्या मनात आले.

आणि आदेशात पुन्हा तेच शब्द दिसले, 'अनटिल फर्दर ऑर्डर्स'! मला आधी धडकीच भरली. मग मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे शेजारचे शब्द पाहिले. या वेळी हे शब्द बंदीजवळ नव्हते, मोकळीकीजवळ होते.

खाली येऊन मी आप्पांना सांगितले, "बंदी उठलीय. पण अट आहे, करही आहे. आणि ही मोकळीकसुद्धा पुढचा आदेश निघेपर्यंतच आहे. यातले दोन शब्द मला लागले नाहीत, ते बाईंना फोन करून विचारू."

आप्पा हसले. म्हणाले, "म्हंजी बंदी बी त्यांच्या हुकमापोतर आन् सुटका बी त्यांच्या हुकमापोतर." मग त्यांनी स्वतः बाईंना फोन लावून दिला. त्या वर्षीचा उन्हाळ कांदा आप्पांनी एकदम न विकता चाळीत ठेवून थोडा थोडा विकला. तो चांगला गेला की वाईट, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. पण माझ्या वाचण्यामुळे तोटा झाला, असे कोणी म्हणाले नाही.

पुढे १३ सप्टेंबर २०२४ रोजी ती ५५० डॉलरची अट गेली आणि शुल्कही ४० वरून २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के शुल्कही काढून टाकले. त्या दोन्ही बातम्या मी स्वतः वाचून दाखवल्या. आजीलाही आता 'बॅन' आणि 'ड्यूटी' हे शब्द पाठ झाले आहेत. शेजारीण बोलायला लागली की ती म्हणते, "हिच्या तोंडावर बॅन घाला गं कोनी."

आता मी सातवीत आहे. माझी पहिली वही भरली आणि दुसरी सुरू आहे. इंग्रजी पेपर सगळा वाचता येतो असे मी म्हणणार नाही. पण मला काय येते आणि काय येत नाही, हे मला आता ओळखू येते.

वर्गमित्रांनो, तुम्हीही अशी वही करा. कोणाला क्रिकेट आवडत असेल त्याने क्रिकेटची बातमी घ्यावी, कोणाला पावसाची घ्यावी. ज्याची आपल्या घरात गरज आहे ती बातमी लवकर कळते. आणि पालकांना माझी विनंती आहे. किराण्याच्या पुडीला इंग्रजी पेपराचा कागद आला तर चुलीत घालू नका, शाळेत पाठवा. मुलगा अडखळला तर रागावू नका. 'मला येत नाही' असे त्याने सांगितले, तर त्याला शाबासकी द्या.

माझी वही वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने पाहावी. दुसरा रकाना वाचून हसलात तरी मला आता राग येत नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी